जुनं पुस्तक मागायला येताना आजोबांचा शाळेचा दाखला बघून या

‘आमच्या गावाचा इतिहास कुठल्या पुस्तकात मिळेल?’

आमच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात हा प्रश्न दिवसातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत तर मोजदादच नाही. मुंबईहून गावी आलेली मंडळी, गडावर राहून आलेली पोरं, देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका काढायला निघालेली कमिटी, सगळे एकदमच येतात. येण्याबद्दल तक्रार नाही, दुकान त्यावरच चालतं. पण यातले बरेच जण एकच चूक करून येतात आणि तिच्यापायी त्यांचे पंधरा दिवस आणि आमचे दोन-तीन फेरे वाया जातात. दरवेळी तोंडी सांगून घसा बसला, म्हणून हे पत्रक छापलं. उभ्या-उभ्या वाचलंत तरी चालेल, पण ऑर्डर देण्याआधी वाचा.

चूक अशी: लोक गावाचा आजचा जिल्हा सांगतात आणि त्याच जिल्ह्याचं जुनं पुस्तक मागतात.

एक निवृत्त मास्तर आले होते, चंदगडकडचे. त्यांना इंग्रजांच्या काळातलं कोल्हापूरचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, हवं होतं, पुनर्मुद्रण नको, मूळ प्रत. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला हा चोविसावा खंड, १८८६ सालचा. आम्ही पुण्याच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून तो मिळवला, त्यात तीन आठवडे गेले. मास्तरांनी स्टुलावर बसून चष्मा लावला आणि थेट शेवटचं प्रकरण उघडलं. गावांची आणि गडांची माहिती तिथंच असते, इंग्रजी अक्षरक्रमाने, हे त्यांना ठाऊक होतं. एकेक नाव बोटाने खाली सरकवत गेले. चंदगड नाही. पारगड नाही. मग मागून पुढे बघितलं. शेवटी म्हणाले, ‘यातली पानं गेलीत हो.’ आम्ही दोघांनी मिळून पानं मोजली. एकही गेलेलं नव्हतं.

गेला होता तो जिल्हा. चंदगड त्या काळी बेळगाव जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. बेळगावातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे चंदगडची जुनी माहिती हवी तर एकविसावा खंड काढायचा, बेळगावचा, १८८४ चा. मास्तरांना इतिहास माझ्यापेक्षा जास्त येत होता, १९५६ सुद्धा पाठ होतं. फक्त पुस्तक मागताना ते आठवलं नाही. आणि माझीही चूक होतीच, मी न विचारता ऑर्डर टाकली.

तो कोल्हापूरचा खंड मग बराच काळ आमच्याकडेच पडून होता. नेला कोणी, तर रायबागच्या एका गृहस्थांनी. ते आले होते बेळगावचा खंड मागायला, कारण रायबाग आज बेळगाव जिल्ह्यात आहे. पण रायबाग होतं कोल्हापूर संस्थानात. या वेळी मात्र मी आधी विचारलं.

ही भानगड फक्त आमच्या बाजूला आहे असं नाही. उदगीर, निलंगा, अहमदपूर आज लातूर जिल्ह्यात. १९५६ पर्यंत हे तालुके बीदरमध्ये होते. लातूर जिल्हाच मुळात १९८२ चा. किनवट आणि राजुरा होते आदिलाबादमध्ये, त्यातलं किनवट आज नांदेडला आणि राजुरा चंद्रपूरला. सगळा मराठवाडा निजामाच्या मुलखात होता, त्यामुळे मुंबई इलाख्याच्या मालिकेत संभाजीनगर नाहीतर परभणीचा खंड शोधणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात आपली चप्पल शोधणं. मालवण-वेंगुर्ल्याची मंडळी सिंधुदुर्गाचं जुनं गॅझेटियर मागतात. हा जिल्हा १९८१ मध्ये झाला. त्यांनी रत्नागिरी आणि सावंतवाडीचा दहावा खंड घ्यावा, १८८० चा. नंदुरबारसाठी खानदेश, पालघरसाठी ठाणे.

दुसरी अडचण नावांची. हातकणंगले तालुका १८८६ च्या पुस्तकात त्या नावाने सापडणार नाही, तो ‘आळते’ म्हणून आहे. गडहिंग्लजला इंग्रजांनी ‘गड इंग्लज’ करून टाकलंय. राधानगरी हे नावच शाहू महाराजांच्या काळातलं. आणि जयसिंगपूर तर त्यांनी नंतर वसवलं, ते १८८६ च्या पुस्तकात कुठून येणार? एका ग्राहकांनी ‘आमच्या जयसिंगपूरला मुद्दाम वगळलंय’ म्हणून गोऱ्या साहेबाला बऱ्याच शिव्या घातल्या. साहेबाला शिव्या घालायला जागा पुष्कळ आहेत, ही त्यातली नव्हे.

मग जुना जिल्हा ओळखायचा कसा? सोपं आहे. घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाचा शाळा सोडल्याचा दाखला काढा. माझं आजोळ चंदगड तालुक्यातलं. आजोबांच्या दाखल्यावर ‘जिल्हा बेळगाव’ आहे आणि माझ्या धाकट्या मामांच्या दाखल्यावर ‘जिल्हा कोल्हापूर’. घर तेच, परड्यातला फणससुद्धा तोच. दाखला नसेल तर जुनं खरेदीखत बघा. त्यात तालुका, पेटा किंवा महाल (तालुक्यासारखेच जुने लहान विभाग), कधी जहागिरीचं नावही असतं. आजऱ्याच्या लोकांना इचलकरंजी जहागिरीचा उल्लेख आढळेल, तो चुकीचा नाही, आजरा त्यांच्याकडेच होता. जे काही लिहिलं असेल ते जसंच्या तसं एका चिठ्ठीवर उतरवून आणा किंवा फोटो पाठवा. गाव, जुना तालुका, जुना जिल्हा किंवा संस्थान, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय: गड, देऊळ, जमिनीचा सारा की घराणं. चिठ्ठी आणणाऱ्या गिऱ्हाइकाला आमच्याकडे पहिला मान. चहासुद्धा मिळतो.

घराण्याबद्दल थोडं. गॅझेटियरमध्ये तुमच्या आडनावाचा इतिहास नसतो. तिथं जाती, धंदे, पिकं, रस्ते, बाजार आणि राज्यकर्ते असतात. वतन किंवा इनाम असेल तर शोध पुराभिलेखागारात, म्हणजे सरकारी जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्यात, घ्यावा लागतो. इंग्रजांनी इनाम कमिशन नेमून दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामांची कसून तपासणी केली, १८५२ चा अकरावा कायदा त्यासाठीच होता. लोकांची इनामं गेली, पण त्या निमित्ताने कागद मात्र झाला. हे कागद मोडीत असतात. मोडी वाचणारे एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत, त्यांची गाठ घालून देतो. त्याचे पैसे आम्ही घेत नाही, त्यांचे त्यांना द्या.

सनांचंही एकदा सांगून टाकतो. खिद्रापूरच्या कोपेश्वराला जाऊन आलेला एक कॉलेजचा मुलगा ‘११३६ साली कोल्हापुरावर कोण होतं’ असं विचारत आला. त्याने तिथल्या शिलालेखातलं वाचलेलं ११३६ हे शक होतं. यादवांच्या सिंघण राजाचा तो लेख, त्यात ७८ मिळवायचे, म्हणजे १२१४ च्या आसपास येतं. जुन्या कागदांवर फसली किंवा सुहूर या कालगणनाही असतात: फसली असेल तर साधारण ५९०, सुहूर सन असेल तर ५९९ मिळवा. वर्षारंभ वेगवेगळे असल्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक पडतो, त्यावरून भांडू नका. जाता जाता: आमच्या या पट्ट्यातले जुने शिलालेख पुष्कळसे हळेकन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कानडीत, आहेत, आणि खिद्रापूरचा हा संस्कृतात, देवनागरी लिपीत. नुसतं मराठी पुस्तक किंवा नुसतं कानडी पुस्तक घेऊन या भागाचा इतिहास पुरा होत नाही, तो यामुळे.

म्हणूनच सीमेवरच्या प्रदेशाचं वाचन करणाऱ्याला आम्ही एक पुस्तक देत नाही, दोन देतो. याला काही जण ‘विकायची युक्ती’ म्हणतात. असेल थोडी. पण तेरेखोलचं उदाहरण घ्या. किल्ला खाडीच्या उत्तर तीरावर, म्हणजे सिंधुदुर्गाच्या अंगाला, पण हद्द गोव्याची. बांधला वाडीकर सावंतांनी, १७४६ मध्ये घेतला पोर्तुगीजांनी, आणि १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रह्यांनी त्यावर तिरंगा लावला. फक्त सावंतवाडीची बाजू वाचली तर पोर्तुगीज तिथं का अडून बसले ते कळत नाही. फक्त गोव्याची वाचली तर किल्ला आभाळातून पडल्यासारखा वाटतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचंही तेच. ‘खरं काय ते एका पुस्तकात द्या’ म्हणणाऱ्यांना आम्ही या प्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, त्यावरची मराठी टीका आणि कानडी बाजूचं जे मिळेल ते, तिन्ही समोर ठेवतो. आमचं मत विचाराल तर दुकान बंद झाल्यावर विचारा, तेव्हा मोकळेपणाने सांगतो. दुकान उघडं असताना दोन्ही बाजूंची पुस्तकं एकाच फळीवर राहतील.

आता नेहमीचा टोमणा. ‘हे सगळं मोबाईलवर फुकट आहे.’ आहे, मान्य. शासनाने गॅझेटियरं स्कॅन करून ठेवली आहेत, ते फार चांगलं काम झालंय, आणि ज्याला एकच पान बघायचंय त्याला आम्ही स्वतःच सांगतो की बाबा, तिकडे बघ, पैसे घालवू नको. पण स्कॅनमध्ये एक गोष्ट हमखास बिघडलेली असते, ती म्हणजे नकाशा. जुन्या खंडांतला नकाशा घडी घालून ठेवलेला असतो. स्कॅन करणारा घडी उलगडतोच असं नाही, मग पडद्यावर अर्धाच तालुका दिसतो आणि नेमकं आपलं गाव घडीच्या आत. आमच्याकडच्या मूळ प्रतीत नकाशा आहे की नाही, कुठं फाटलाय का, हे आम्ही पावतीवर लिहून देतो. पुनर्मुद्रण हवं असेल तर ते स्वस्त पडतं, पण त्यातला नकाशा बारीक छापलेला असतो, हेही आधीच सांगतो. नंतर भिंग मागायला येऊ नये. (भिंगही ठेवतो आम्ही, ते वेगळं.)

आणि एक. कोल्हापूरचं गॅझेटियर म्हणजे फक्त १८८६ चं नव्हे. १९६० मध्ये कोल्हापूर जिल्ह्याचं नवं निघालं, त्यात चंदगड आहे. ज्यांना जुन्या इंग्रजीचा कंटाळा येतो किंवा स्मरणिकेपुरती माहिती हवी आहे, त्यांनी ते आधी चाळावं. चंदगडकरांना आम्ही १८८४ चा बेळगावचा खंड आणि १९६० चं कोल्हापूर, अशी जोडी सुचवतो. जोडी घेतली तर नव्या पुठ्ठ्याची बांधणी निम्म्या मजुरीत करून देतो.

अनामतीवरून कुरबूर होते, म्हणून तेही सांगतो. बाहेरून मागवायच्या पुस्तकाला आम्ही निम्मी रक्कम आधी घेतो. पुस्तक आलं आणि पानं गहाळ निघाली, कसर लागलेली निघाली, तर पैसे परत, एक शब्द न बोलता. पण ‘यात आमचं गाव नाही’ या कारणाने परत घेत नाही. चिठ्ठी भरून दिली असेल आणि खंड आम्ही सुचवला असेल, तर मात्र चूक आमची, पुस्तकही परत आणि पैसेही परत. मास्तरांचं पुस्तक परत घेतलं तेव्हा टपालखर्च आमच्याच अंगावर पडला होता, तेव्हापासून हा नियम.

दुकानात बसून वाचायला कुणालाही मनाई नाही, खिडकीजवळ बाक टाकलाय. फक्त अख्ख्या खंडाचे मोबाईलवर फोटो काढू नका. फुकट घेता म्हणून नव्हे. पुस्तक सपाट दाबलं की पाठ मोडते, शंभर वर्षांची शिवण एका दुपारी उसवते. चार-पाच पानं हवी असतील तर सांगा, आम्ही पाळण्यात ठेवून काढून देतो. पुस्तकाचा पाळणा असतो, बघितला नसेल तर या बघायला.

घरचे जुने कागद दाखवायला आणत असाल तर ते लॅमिनेशन करून आणू नका, सेलोटेपही लावू नका. वहीच्या दोन पानांत सपाट ठेवून, पिशवीत घालून आणा. सोमवारी दुकान बंद असतं. शनिवारी दुपारनंतर मोडी वाचणारे गृहस्थ असतात, पण पाचनंतर ते थांबत नाहीत, त्यांची बस असते.