भिंत बंद होण्याआधी : स्मार्ट होमच्या जोडणीची पार्श्वभूमी

स्मार्ट होमचा इतिहास सांगायला बसले की लोक बोलक्या स्पीकरपासून सुरुवात करतात. मला तो भिंतीच्या आतून सांगावासा वाटतो. दिवे, पडदे, कुलपे, कॅमेरे, तापमान हे सारे एका जागेवरून चालवायची हौस जुनी आहे. घोडे प्रत्येक वेळी अडले ते जोडणीपाशी.

१८८३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, व्हाइटवॉटर इथे शिकवणाऱ्या वॉरन जॉन्सन यांनी खोलीत बसवायच्या विजेच्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. वर्गातले तापमान बदलले की तळघरात घंटा वाजायची आणि तिथला माणूस भट्टीची झडप कमीजास्त करायचा. सेन्सर खोलीत, तार भिंतीत आणि झडप हलवायला चालताबोलता माणूस! हा माणूस वगळला तर आजच्या यंत्रणेचा सांगाडा तिथे पुरा दिसतो.

त्यानंतरची मोठी उडी १९६६ मधली. वेस्टिंगहाउस कंपनीतले अभियंते जिम सदरलँड यांनी शिल्लक सुट्या भागांतून स्वतःच्या घरासाठी ‘एको फोर’ नावाचा संगणक उभा केला. वजन सुमारे ३६० किलो. तो विक्रीला कधीच आला नाही. १९६९ मध्ये हनीवेलचा ‘किचन कॉम्प्युटर’ एका बड्या दुकानाच्या कॅटलॉगमध्ये १०,६०० डॉलरला झळकला. तो कोणी घरी नेल्याची नोंद सापडत नाही. दोन्ही यंत्रे घरोघरी कधी पोचलीच नाहीत, म्हणून त्यांच्यावर जास्त रेंगाळत नाही.

खरी गोष्ट सुरू होते १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथ्स इथल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीमध्ये. घरातली उपकरणे दुरून चालवणाऱ्या त्यांच्या ‘एक्स-१०’ पद्धतीची युक्ती साधी होती. नवी तार ओढायचीच नाही, विजेच्या तारेतूनच निरोप पाठवायचा. सतत दिशा बदलणारा एसी करंट शून्यावरून जातो त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा छोटा संकेत सोडायचा. १६ घर-संकेतांक आणि प्रत्येकाखाली १६ उपकरणे, म्हणजे २५६ पत्ते. १९७८ पासून ही उपकरणे अमेरिकेत दुकानांतून मिळू लागली. प्लगमध्ये खोचा, चकती फिरवून क्रमांक लावा, झाले काम.

काम झाले म्हणजे, बहुतेक वेळा. अमेरिकी घरात वीज दोन बाजूंनी येते. एका बाजूचा संकेत दुसऱ्या बाजूला पोचेलच याची खात्री नसे. त्यासाठी विजेच्या पॅनेलमध्ये दोन्ही बाजू जोडणारा वेगळा कपलर बसवावा लागे. टीव्हीसारख्या उपकरणांचे पॉवर सप्लाय त्या तारेत गोंगाट करत. एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजाऱ्याने तोच घर-संकेतांक निवडला असेल, तर त्याच्या बटणावर तुमचा दिवा लागण्याची शक्यता असे. आणि मूळ एक्स-१० उपकरणे बहुतांशी फक्त ऐकणारी. हुकूम पोचला की वाटेतच विरला, हे कळायची सोय नाही. ‘स्वतः बसवा’ म्हणून विकलेल्या वस्तूसाठी लोक जाणता माणूस शोधू लागले, त्याचे मूळ या गोंधळात आहे.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या गृहबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘स्मार्ट हाउस’ प्रकल्प हाती घेतला आणि हे नाव रुळू लागले. बांधकामाच्या वेळीच घरभर एकसंध केबल टाकायची हा त्यामागचा विचार. तो काळाच्या पुढे होता आणि खर्चिकही; त्यातून फार थोडी घरे उभी राहिली. पण वायरिंगचा निर्णय पाया-भिंतींबरोबर घ्यायचा, उपकरणांबरोबर नाही, ही गोष्ट तिथे पहिल्यांदा इतक्या ठळकपणे मांडली गेली. १९८९ मध्ये टोकियोत केन साकामुरा यांच्या ट्रॉन प्रकल्पातून संगणकांनी भरलेले एक घर प्रयोग म्हणून बांधले गेले. त्याच वर्षी अमेरिकेत सीडिया ही घरगुती यंत्रणा आखून बसवणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. माझ्या मते टोकियोच्या देखण्या घरापेक्षा ही घटना मोठी. तोवर ध्वनियंत्रणावाला, अलार्मवाला, टेलिफोनवाला आणि वायरमन आपापली केबल ओढून निघून जात. चौघांच्या कामाचा एकच नकाशा करणारा इंटिग्रेटर हा वेगळा पेशा आता मान्य झाला.

युरोपात वाट निराळी निघाली. १९९० मध्ये ब्रुसेल्समध्ये युरोपियन इन्स्टॉलेशन बस, म्हणजे घरातली सारी उपकरणे एका निरोपाच्या तारेवर जोडायची पद्धत, यासाठी संघटना उभी राहिली. पुढे बॅटिबस आणि ईएचएस या दोन पद्धती तिच्यात मिसळून केएनएक्स हे मानक तयार झाले. २००६ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. इथे भिंतीवरच्या बटणापर्यंत २३० व्होल्ट जातच नाहीत. बटणाला जाते ती सुमारे ३० व्होल्ट डीसीची पातळ, बहुधा हिरवी केबल, सेकंदाला ९६०० बिट वेगाची. दिव्याची वायर थेट पॅनेलमधल्या, दिवा प्रत्यक्ष चालू-बंद करणाऱ्या अ‍ॅक्चुएटरपर्यंत. कुठले बटण कुठला दिवा लावेल हे नंतर सॉफ्टवेअरमध्ये ठरते. त्यामुळे उद्या दिवाणखान्याची अभ्यासिका केली तरी भिंत फोडावी लागत नाही. किंमत मोजावी लागते ती आधी : प्रत्येक लोडची, म्हणजे दिवा-पंख्यासारख्या वीज घेणाऱ्या वस्तूची, स्वतंत्र वायर, मोठे पॅनेल, आणि बांधकाम सुरू होण्यापूर्वी तयार असलेली लोडची यादी.

ज्यांनी हे आधी केले नाही त्यांना न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) गाठतो. जुन्या पद्धतीत न्यूट्रल थेट दिव्याकडे जायचा आणि स्विचबॉक्समध्ये फक्त फेजची (वीज आणणाऱ्या तारेची) येणारी आणि जाणारी अशा दोन तारा असायच्या. साध्या स्विचला तेवढे पुरे. १९६१ मध्ये जोएल स्पिरा यांनी लुट्रॉन कंपनी स्थापली आणि स्विचबॉक्सात मावणारे, प्रकाश कमीजास्त करणारे डिमर घरोघरी पोचवले, तेही याच दोन तारांवर चालत. पुढे इलेक्ट्रॉनिक स्विच आले तेव्हा दिवा बंद असतानाही स्वतः जागे राहण्यासाठी ते तारेच्या बल्बमधून किंचित करंट ओढत. बल्बला त्याचे काहीच वाटत नसे. एलईडी आल्यावर मात्र तेवढ्या करंटवर दिवा बंद असूनही मिणमिणू लागला किंवा स्विचच धड चालेना. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने अखेर २०११ च्या आवृत्तीत बहुतेक स्विचबॉक्समध्ये न्यूट्रलची सोय सक्तीची केली. स्मार्ट स्विच खरेदी करणाऱ्याला दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न न्यूट्रलचा असावा. बहुधा विचारला जातो रंगाचा.

२००० नंतर बिनतारी पद्धती आल्या. झी-वेव्ह डेन्मार्कमधली, झिगबीचे पहिले मानक २००४ अखेरचे. २०११ मध्ये नेस्टचा थर्मोस्टॅट, २०१२ मध्ये फिलिप्स ह्यूचे दिवे, २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनचा एको स्पीकर. भिंत न फोडता घर स्मार्ट होऊ लागले आणि नियोजन कालबाह्य झाल्यासारखे वाटले. मग दुसरी बाजू दिसली. २०१६ च्या मे महिन्यात ‘रिव्हॉल्व्ह’ या हबची (सारी उपकरणे एकत्र चालवणाऱ्या डब्याची) इंटरनेटवरच्या सर्व्हरवरून चालणारी क्लाउड सेवा बंद झाली आणि पैसे मोजून घेतलेला डबा कुचकामी ठरला. त्याच वर्षी ‘मिराय’ या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर हजारोंनी ताब्यात घेऊन इंटरनेटवर हल्ले चढवले. २०२२ च्या एप्रिलमध्ये स्मार्ट स्विच आणि हब बनवणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक थांबले. हबवर विसंबलेली अ‍ॅप मुकी झाली, भिंतीवरचे स्विच मात्र हाताने चालत राहिले. काही महिन्यांत ग्राहकांच्याच एका गटाने ती कंपनी विकत घेतली.

अनुभवी इंटिग्रेटर आज जो आग्रह धरतात तो अशाच ठेचांतून आलेला आहे. इंटरनेट गेले तरी दिवे स्थानिक पातळीवर लागले पाहिजेत. कॅमेऱ्यांचे नेटवर्क वेगळे हवे. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक हवा, प्लास्टरपूर्वी उघड्या भिंतींचे फोटो हवेत, आणि काम संपल्यावर प्रत्यक्ष झालेल्या वायरिंगचा नकाशा पासवर्डसह मालकाच्या हाती पडला पाहिजे. यातली शेवटची गोष्ट सर्वात जास्त वेळा राहून जाते.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल आणि झिगबी संघटना एका टेबलावर बसल्या. त्यातून ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर या सामाईक मानकाची पहिली आवृत्ती आली. दिवे, प्लग, कुलपे, पडदे, थर्मोस्टॅट यांना एक समान भाषा मिळाली. कॅमेरे तिच्यात नव्हते. ते २००३ पासून मानक झालेल्या पॉवर-ओव्हर-इथरनेटवर, म्हणजे डेटा आणि वीज एकाच केबलमधून घेत, आधीच चालत होते. ती केबल छताच्या कोपऱ्यापर्यंत न्यायची तर कॉन्ड्यूट, म्हणजे भिंतीतली केबलची नळी, लागते, आणि कॉन्ड्यूट टाकायची वेळ स्लॅब आणि प्लास्टरच्या आधीचीच असते.