सोन्याच्या सोबत्यांचा माग

सोन्या-चांदीचा नवा साठा सापडल्याच्या बातमीत ‘भूभौतिक सर्वेक्षण’ (खडकांचे भौतिक गुण मोजून जमिनीखालचा अंदाज घेणं) हे शब्द बहुधा येतातच. वाचणाऱ्याची समजूत होते की कुठलंसं यंत्र जमिनीवरून फिरवलं आणि त्यानं खालचं सोनं दाखवलं. असं यंत्र अस्तित्वात नाही. पृथ्वीच्या कवचात सोनं टनामागे सरासरी काही मिलिग्रॅम असतं आणि खणण्याजोग्या खडकातही बहुतेक ठिकाणी काही ग्रॅमच. एवढ्यानं खडकाचं वजन, चुंबकत्व किंवा वीज वाहून नेण्याची क्षमता जाणवण्याइतकी बदलत नाही. यंत्राला कळतात ते सोन्याच्या आसपासचे खडक आणि खनिजं. हे सोबती ओळखायला माणसाला काही शतकं लागली.

१५५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जर्मन विद्वान अग्रिकोला यानं दुबेळक्याची काठी घेऊन धातूच्या शिरा शोधणाऱ्यांची चर्चा केली आहे. जाणत्या खाणकऱ्यानं काठीच्या नादी न लागता निसर्गातल्या खुणा पाहाव्यात, असं तो बजावतो. शिरेवरच्या गवतावर दव गोठत नाही, ही त्यानं दिलेली एक खूण. तिचा भरवसा किती धरावा हा प्रश्न वेगळा, पण जमिनीच्या वर जे दिसतं त्यावरून खालचं ताडायचं, ही दिशा अचूक होती.

चांदीची गोष्ट थोडी निराळी. १८५९ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात सोनं धुणाऱ्यांच्या पेट्यांत जड, निळसर-काळी माती अडकायची आणि ते वैतागून ती फेकून द्यायचे. कुणीतरी ती तपासून घेतली तेव्हा कळलं की ती भरपूर चांदी असलेली आहे. कॉमस्टॉकची प्रसिद्ध शीर ती हीच. चांदी अशी बऱ्याचदा गंधकाशी, शिशाशी बांधलेली असते आणि अशी अनेक सल्फाइड खनिजं वीज चांगली वाहून नेतात. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींमध्ये रॉबर्ट फॉक्स यानं १८३० मध्येच सल्फाइडच्या शिरांमधून आपोआप वाहणारे विजेचे प्रवाह मोजले होते. पुढे १९१२ पासून फ्रान्सच्या कॉनराड श्लुम्बर्जेनं बाहेरून जमिनीत वीज सोडून तिच्या दाबाचे नकाशे काढायला सुरुवात केली, आणि विद्युत सर्वेक्षणाला पद्धतीचं रूप आलं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रसंग दक्षिण आफ्रिकेतला आहे. विटवॉटर्सरँडचं सोनं १८८६ मध्ये सापडलं. ते गोट्यागोट्यांच्या खडकाच्या पातळ थरांत होतं. पश्चिमेकडे हे थर डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकाच्या जाड आवरणाखाली गडप झाले होते आणि ते पुढे कुठे जातात, याचा पत्ता नव्हता. १९३० च्या सुमारास रुडॉल्फ क्राहमन या जर्मन भूवैज्ञानिकानं साधा पण तीक्ष्ण विचार केला. सोन्याच्या थरांत चुंबकत्व नाही. पण त्यांच्या खाली, ठरावीक अंतरावर, लोहयुक्त शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे, थर आहेत आणि ते चुंबकीय आहेत. शेल सापडला तर सोन्याचा थर कुठे असणार, ते मोजून काढता येईल. मॅग्नेटोमीटर हे चुंबकत्व मोजणारं यंत्र घेऊन तो डोलोमाइटच्या माळावर फिरला आणि खालच्या शेलची रेघ नकाशावर उमटत गेली. १९३२ मध्ये तिथे खास कंपनी उभी राहिली, बोअर घेतले गेले आणि अंदाज खरा ठरला. जवळजवळ चार किलोमीटर खोल गेलेली म्पोनेंग खाण याच पट्ट्यात आहे. थरांचा क्रम आधी कुणी चिकाटीनं मांडून ठेवला नसता, तर मॅग्नेटोमीटरचे आकडे नुसते आकडेच राहिले असते.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हेरण्यासाठी विमानांवर मॅग्नेटोमीटर चढले आणि युद्धानंतर तेच खनिजांच्या शोधाला लागले. त्याच काळात प्रेरित ध्रुवीकरणाची पद्धत पुढे आली. जमिनीत वीज सोडून ती एकदम बंद करायची. खडकात पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचे, कण विखुरलेले असतील तर विजेचा दाब लगेच शून्यावर न येता हळूहळू उतरतो. पायराइट सोन्याचा जुना सोबती, म्हणून ही पद्धत आजही जोरात आहे. मात्र सोनं नसलेला पायराइट आणि ग्रॅफाइटही असाच प्रतिसाद देतात. त्यामुळे निर्णय शेवटी बोअरमधून काढलेल्या गाभ्याच्या रासायनिक तपासणीवरच होतो.

नेवाडातच १९६१ मध्ये कार्लिनचा साठा मिळाला, तो मुख्यतः भूशास्त्रीय नकाशामुळे. राल्फ रॉबर्ट्स यांनी तिथल्या खाणी एका रेषेत पडतात हे दाखवलं होतं. जॉन लिव्हरमोर आणि अ‍ॅलन कूप त्या भागात गेले. तिथलं सोनं इतकं बारीक होतं की पाटीत धुऊनही दिसत नव्हतं.

जपानमधल्या हिशिकारीत विद्युत आणि गुरुत्व अशा दोन सर्वेक्षणांच्या वाटा एकत्र आल्या. सोनं आणणाऱ्या गरम पाण्यानं आजूबाजूच्या खडकाची चिकणमाती होते आणि तिच्यातून वीज सहज वाहते. हवेतून केलेल्या विद्युत सर्वेक्षणात अशी जागा दिसली, गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक मोजणाऱ्या गुरुत्व सर्वेक्षणानं खाली जुन्या खडकाचा उंचवटा असल्याचं सुचवलं. १९८१ मध्ये बोअर घेतले, तेव्हा गारगोटीच्या श्रीमंत शिरा लागल्या. १९८५ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि सुरुवातीच्या दशकांत तिथल्या धातुकात टनामागे ३० ग्रॅमांहून जास्त सोनं मिळत राहिलं.