हेवी मेटलचा कॉन्सर्ट घरी बघताना गर्दीकडे बघा

१९ जानेवारी २००१ च्या रात्री रिओ दि जानेरोमध्ये आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडसमोर सुमारे अडीच लाख माणसं उभी होती. त्या रात्रीचं चित्रीकरण पुढच्याच वर्षी डीव्हीडीवर आलं आणि तेव्हापासून जगभरचे चाहते ते घरी बसून बघत आले आहेत. प्रत्यक्ष कॉन्सर्टची सर पडद्याला येत नाही, असं जुने मेटलवाले ठासून सांगतात. आवाजापुरतं ते खरंच आहे. गर्दीच्या बाबतीत मात्र मला ते अजिबात पटत नाही. अडीच लाखांत उभ्या असलेल्या माणसाला पुढच्याची पाठ आणि थोडासा रंगमंच दिसतो. ती गर्दी मिळून काय करते आहे, हे बघायचं तर घरीच बसावं लागतं.

आधी आवाजाचं बघू. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. हवेत या ध्वनीची तरंगलांबी आठ मीटरहून जास्त भरते. एवढी हवा हलवायची ताकद मोबाइलच्या किंवा टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरात नसते, त्यामुळे मूळ स्वर तिथेच गळतो. तरीही बेस ऐकू येतो, कारण तार ४१ बरोबरच ८२, १२३, १६४ अशा पटींतही थरथरत असते. या पटींमधलं अंतर ४१ चं आहे हे मेंदू हेरतो आणि नसलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो.

मेटलच्या गिटारवादकांची आवडती पॉवर कॉर्ड म्हणजे आपल्या भाषेत सा आणि प, २:३ चं नातं. ८२ आणि १२३ हर्ट्झचे हे दोन स्वर एकत्र छेडले आणि अँप्लिफायर मुद्दाम इतका ताणला की ध्वनितरंगाचे माथे कापले जातील, तर मूळ स्वरांखेरीज त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही आवाजात उतरतात. १२३ वजा ८२ म्हणजे ४१, खालच्या सप्तकातला सा. गिटारच्या एकाही तारेवर नसलेला हा खर्ज अँप्लिफायर असा ताणल्यामुळे, म्हणजे डिस्टॉर्शनमुळे तयार होतो. मेटलच्या वजनदार आवाजाचं एक मोठं कारण हेच आहे, आणि ते छोट्या स्पीकरातूनही बऱ्यापैकी पोचतं.

जे पोचत नाही ते अंगाला जाणवणारं. विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकाला खेटून उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेतल्या हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की, आवाज कमी केला की आपल्या कानाला खर्ज मधल्या स्वरांपेक्षा फार लवकर ऐकू येईनासा होतो. शेजाऱ्यांचा विचार करून आवाज बारीक केलात तर सगळ्यात आधी बळी जातो तो बेस ड्रमचा. शिवाय मँचेस्टरच्या नील टॉड आणि फ्रेडरिक कोडी यांनी २००० मध्ये दाखवलं की सुमारे ९० डेसिबलच्या पुढे खर्जाचे ठोके आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागालाही चाळवतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात कानाला जेमतेमही जाणवणार नाहीत इतके खोल ध्वनी अधूनमधून सुरू आणि बंद केले. ते सुरू असताना श्रोते सुमारे १२ टक्के जास्त हलत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. हे सगळं घरच्या सोफ्यावर मिळत नाही, हे मान्य करायला हवं. बदल्यात कान वाचतात. १०० डेसिबलचा आवाज कानांनी दिवसाला १५ मिनिटंच सोसावा, असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं गणित सांगतं, आणि कॉन्सर्ट दोन तास चालतो. डोक्याचं मात्र घरीही तेच. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी हिशोब मांडला, की हेडबँगिंगच्या, म्हणजे तालावर जोरजोरात डोकं झटकण्याच्या, गाण्याची सरासरी लय मिनिटाला १४६ ठोके असते आणि डोकं ७५ अंशांहून जास्त हललं तर त्या लयीला डोक्याला सौम्य इजा होऊ शकते.

हाच १४६ चा आकडा हाताशी ठेवून आता गर्दीकडे वळू. या लयीत दोन ठोक्यांमध्ये ०.४१ सेकंद जातात. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे १४० मीटर पुढे जातो. म्हणजे रंगमंचापासून ७० मीटरवरचा माणूस टाळी वाजवतो तेव्हा पहिल्या रांगेतल्या माणसाच्या दोन टाळ्यांची बरोबर मधली वेळ झालेली असते, आणि १४० मीटरवरचा माणूस एक अख्खा ठोका मागे असूनही पुन्हा तालात दिसतो. मैदानात मागे उभारलेल्या स्पीकरच्या मनोऱ्यांनी हा फरक मिटत नाही. त्यांचा आवाज मुद्दामच उशिराने सोडतात, म्हणजे तो पुढून येणाऱ्या आवाजाशी जुळतो. म्हणून ड्रमरच्या पाठीमागून घेतलेल्या शॉटमध्ये एवढ्या मोठ्या गर्दीचे हात एकदम वर जात नाहीत, पुढून मागे लाट सरकत जाते. प्रकाश लगेच पोचतो, ध्वनी रेंगाळतो. ध्वनीचा वेग डोळ्यांना दिसावा अशा जागा फार थोड्या आहेत, त्यातली ही एक.

आणि मग मॉश पिट. रंगमंचासमोर एक जागा मोकळी होते आणि तिथे मुलं एकमेकांवर आदळू लागतात. कॉर्नेल विद्यापीठातला जेसी सिल्व्हरबर्ग हा मेटलचा चाहता एरवी पिटमध्ये शिरणारा, पण एकदा मैत्रीण सोबत असल्यामुळे बाजूला थांबला, आणि बाहेरून बघताना त्याला ती आदळआपट वायूच्या रेणूंसारखी वाटली. मॅथ्यू बिअरबाम आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्याने इंटरनेटवरचे कॉन्सर्टचे व्हिडिओ गोळा केले, कॅमेऱ्याचा कोन आणि थरथर दुरुस्त करून माणसांचे वेग मोजले. २०१३ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. मॉश पिटमधल्या वेगांची विभागणी द्विमितीय, म्हणजे एकाच सपाटीवर फिरणाऱ्या, वायूच्या रेणूंच्या विभागणीशी जुळत होती, म्हणजे एकोणिसाव्या शतकात मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन या भौतिकशास्त्रज्ञांनी वायूंसाठी मांडलेल्या सूत्राशी.

मला यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी संगणकात दोन प्रकारची माणसं सोडली. एक जागेवर उभी राहणारी आणि दुसरी धावणारी. धावणाऱ्यांना दोनच ओढी दिल्या, शेजारी ज्या दिशेने जातोय त्याच दिशेने जाण्याची आणि वाटेल तसं भरकटण्याची. भरकटणं वरचढ केलं की मॉश पिट तयार झाला. शेजाऱ्यामागे जाणं वरचढ केलं की तीच माणसं गोल फिरू लागली, आणि हा मेटलवाल्यांचा सर्कल पिट. कुणीही हुकूम दिलेला नसताना उभी माणसं आपोआप बाहेरचा गराडा धरत होती. खऱ्या व्हिडिओंमधले बहुतेक सर्कल पिट घड्याळाच्या उलट दिशेने फिरत होते.

आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ रोजी आपला जागतिक दौरा मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला होता. त्या संध्याकाळच्या चित्रफिती ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी एकदा आवाज बंद करून फक्त माणसं बघावीत.

हा अभ्यास नुसत्या हौसेचा नाही. आग लागली, घबराट झाली तर गर्दी कशी वागेल हे तपासायला खरी माणसं संकटात लोटता येत नाहीत. मेटलच्या कॉन्सर्टमध्ये मात्र माणसं आपखुशीने भान हरपून धावतात, आणि कॅमेरा चालू असतो. याच वाटेने फ्रान्समधल्या डेनिस बार्तोलो यांच्या गटाने स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरातल्या उत्सवाची गर्दी वरून टिपली. २०२५ मध्ये नेचरमध्ये त्यांनी दाखवलं की घनता एका मर्यादेपलीकडे गेली की शेकडो माणसांचे पुंजके स्वतःच्या इच्छेशिवाय गोल झोके घेऊ लागतात, आणि तिथे एका झोक्याला सुमारे १८ सेकंद लागतात. २०१० मध्ये जर्मनीतल्या ड्युइसबर्ग शहरात लव्ह परेड या संगीतमहोत्सवात चेंगराचेंगरीत २१ जणांचा जीव गेला. तिथल्या चित्रणातही त्यांना तशीच हालचाल सापडली. हे झोके वेळीच ओळखता आले तर धोक्याची सूचना आधी मिळू शकते, असं या गटाचं म्हणणं आहे. आपल्याकडे मैदानावर कॅमेरे भरपूर असतात, पण त्यांची तोंडं रंगमंचाकडे वळलेली असतात. गर्दीसाठी उंचावर एक न हलणारा, मध्ये न कापलेला कॅमेरा लावायला आयोजकांना फारसा खर्च येणार नाही.