कपाळावरची खाच आणि पोटाची चरबी

खानापूर, निपाणीकडच्या गावांत एखाद्या मुलीच्या कपाळावर उभी खाच दिसू लागली की पहिला प्रश्न आईला येतो, "पोटुशी असताना ग्रहणात विळीवर बसली होतीस काय?" ही खाच जन्मतः सहसा नसतेच. बहुतेकदा ती शाळकरी वयात उमटू लागते. मग गरोदरपणातल्या ग्रहणाचा तिच्याशी संबंध काय? आईला दोष देणं सरळ अन्याय आहे. हा महारोग नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

याला स्थानिक स्क्लेरोडर्मा म्हणतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटते, कातडीला बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिन जादा साचतं, कातडी ताठरते आणि खालची चरबी विरत जाते. कधी हाडही झिजतं. अर्धा चेहरा आक्रसण्याच्या याच्या जवळच्या विकाराचं वर्णन पॅरी या इंग्रज डॉक्टरांच्या लिखाणात १८२५ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरांनी तो १८४६ मध्ये नोंदवला.

स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट अशा औषधांनी आधी रोग थांबवतात. तो वर्ष-दोन वर्षं शांत राहिला की सहसा शस्त्रक्रियेचा विचार होतो. मग पोटाची किंवा मांडीची चरबी बारीक नळीनं काढून, तिच्यातलं रक्त आणि सुटं तेल वेगळं करून ती खाचेत भरतात.

खरी कसब या भरण्यात आहे. काढलेल्या चरबीला स्वतःचा रक्तपुरवठा उरलेला नसतो. नव्या केशवाहिन्या पोचेपर्यंत आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवरच तिला तगावं लागतं, आणि तो फार आत जात नाही. जपानी संशोधकांना असं आढळलं, की चरबीच्या कणाच्या पृष्ठभागापासून साधारण ०.३ मिलिमीटरपर्यंतच्याच चरबीपेशी जगतात. त्याच्या आतल्या थरात चरबीपेशी मरतात, पण त्यांच्या शेजारच्या मूळपेशी (स्टेम सेल) कमी प्राणवायूतही टिकतात आणि पुढच्या काही महिन्यांत नव्या चरबीपेशी घडवतात. अगदी मधल्या भागात दोन्ही मरतात; तिथं तेलाची गाठ होते किंवा तो भाग शोषला जातो. भाताची रोपं पेंढीच्या पेंढीनं रोवली तर मधली कुजणारच! म्हणून सर्जन नळी मागं ओढत ओढत, वेगवेगळ्या थरांत, चरबीचे अगदी बारीक धागे सोडतात.

त्यात स्क्लेरोडर्माची कातडी घट्ट असते आणि तिथला रक्तपुरवठा तोकडा. भरलेल्या चरबीतली बरीच शोषली जाते, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा भरावी लागते. "एकाच सिटिंगमध्ये चेहरा पूर्ववत" किंवा "स्टेम सेलनं कायमचा इलाज" असं सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. आणखी एक गंमत म्हणजे पोटातून आलेली चरबी पोटाचा स्वभाव सोडत नाही. वजन वाढलं की चेहऱ्यावरचा तो भागही फुगू शकतो.

खाच फार खोल असेल तर पाठीचा किंवा मांडीचा ऊतींचा तुकडा त्याच्या धमनी-शिरेसकट आणतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चेहऱ्याच्या किंवा मानेच्या वाहिन्यांना जोडतात. त्याला पहिल्या दिवसापासून रक्त मिळतं.

बेळगाव, हुबळी किंवा मिरजेला, जिथं सोयीचं असेल तिथं, आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कपाळावर रेघ असलेल्या काही मुलांना फिट येतात, काहींच्या डोळ्यांत सूज येते. म्हणून डोळे तपासून घ्या, आणि डोकेदुखी किंवा फिट असेल तर मेंदूचा एमआरआय शस्त्रक्रियेच्या आधीच करा.