क्फार श्मरियाहू

इस्राएलमधील एक छोटे, श्रीमंत उपनगर. तेल अवीवच्या उत्तरेस, भूमध्य समुद्राच्या किनारपट्टीत हेर्झलिया शहराला लागून ते वसले आहे. लोकसंख्या सुमारे २,०००. जर्मनीतून आलेल्या ज्यू कुटुंबांनी १९३७ मध्ये, पॅलेस्टाइन ब्रिटिशांच्या अमलाखाली असताना, हे शेतीचे गाव म्हणून वसवले. झायोनवादी (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंची राष्ट्रभूमी उभारू पाहणाऱ्या चळवळीचे) नेते श्मरियाहू लेव्हिन (१८६७–१९३५) यांचे नाव त्याला देण्यात आले.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनीतील ज्यूंची नोकरी, वकिली, वैद्यकी एकेक करून हिरावली जाऊ लागली. बाहेर पडावे तर पैसा नेता येत नव्हता. त्याच वर्षी नाझी सरकार आणि झायोनवादी संस्था यांच्यात झालेल्या ‘हावारा’ (हस्तांतर) करारामुळे त्यातून एक वाट निघाली : जर्मनीत भरलेल्या रकमेतून जर्मन माल पॅलेस्टाइनला पाठवायचा आणि तो विकून आलेल्या पैशाचा काही भाग स्थलांतरितांना द्यायचा. हा करार तेव्हाही वादग्रस्त होता. ज्यांच्याकडे १,००० पौंड होते, त्यांना ब्रिटिशांच्या नेहमीच्या कोट्याबाहेर प्रवेश मिळे. अशा मध्यमवर्गीयांसाठी १९३४ मध्ये ‘रास्को’ ही वसाहत कंपनी निघाली. किबुत्झमधील (सामाईक मालकीच्या शेतीवसाहतीतील) सामुदायिक जीवन या लोकांना मानवणारे नव्हते. त्यांना स्वतःचे घर आणि एका कुटुंबाला झेपेल एवढी जमीन हवी होती. शहरी पेशांतल्या माणसांनी उतारवयाकडे झुकताना कोंबड्या पाळायला आणि भाजीपाला पिकवायला शिकावे, हे धाडस किबुत्झच्या गौरवगाथांमुळे झाकोळले गेले आहे.

पश्चिमेला समुद्राकाठी अल-हरम (सिदना अली) हे अरब गाव होते. १९४८ च्या युद्धकाळात तेथील रहिवाशांना गाव सोडावे लागले. मशीद मात्र अजून उभी आहे.

गावाचे रूप पालटले ते मुख्यतः जागेमुळे. तेल अवीव वाढत उत्तरेकडे सरकले, किनाऱ्याचा महामार्ग शेजारून गेला आणि अंड्यांपेक्षा जमिनीचे मोल कितीतरी वाढले. मूळ भूखंड प्रशस्त असल्याने खुराड्यांच्या जागी बागा असलेले बंगले उभे राहिले. १९५० पासून गावाची स्वतंत्र स्थानिक परिषद आहे. शेजारी हेर्झलिया फोफावत असतानाही गावाचा विरळ तोंडवळा टिकला आहे. इस्राएलच्या सांख्यिकी विभागाच्या सामाजिक-आर्थिक वर्गवारीत ते सर्वोच्च, म्हणजे दहाव्या गटात मोडते.

इस्राएली कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र हे गाव माहीत असते ते १९६२ च्या पेरेत्झ खटल्यामुळे. सुधारणावादी (परंपरेत बदल स्वीकारणाऱ्या ‘रिफॉर्म’ पंथाच्या) ज्यूंच्या एका गटाने सणाच्या प्रार्थनांसाठी गावाचे सभागृह भाड्याने मागितले आणि परिषदेने नकार दिला. सार्वजनिक संस्थेची मालमत्ता ही जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेली असते, तिच्या वापरात भेदभाव चालणार नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने सभागृह देण्याचा आदेश दिला.