मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची पूर्वतपासणी : गोव्यातील लोकजागृती

मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग त्रास सुरू होण्याआधीच हुडकून काढण्यासाठी करायच्या चाचण्या आणि त्यांविषयीचे लोकशिक्षण. हा रोग बहुधा आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या पॉलिप नावाच्या मांसल गाठीतून होतो. गाठीचा कर्करोग व्हायला साधारण 10 वर्षे लागतात. तोवर ती दुर्बिणीतूनच कापून काढता येते. 2022 मध्ये जगात या रोगाचे सुमारे 19 लाख नवे रुग्ण नोंदले गेले. भारतात प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी होते. आतड्याची मात्र स्वतःहून मागावी लागते.

गोव्यात खरा अडसर मूळव्याधीचा आहे. पेडणे, डिचोली, सत्तरीकडे शौचावाटे रक्त गेले की निदान घरातच होते. ‘उष्णता वाढली’ म्हणून ताक, सोलकढी, मग कुणीतरी सांगितलेला झाडपाला. मूळव्याध सर्रास आढळत असल्याने हा अंदाज पुष्कळदा बरोबरही निघतो, आणि म्हणूनच तो घातक ठरतो. शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, घटलेले वजन, विनाकारण पंडुरोग (रक्त कमी होणे) ही लक्षणे तर कुणी आतड्याशी जोडतच नाही. उजव्या बाजूच्या गाठीतून रक्त इतके थोडे झिरपते की डोळ्यांना दिसत नाही.

ते अदृश्य रक्त ‘फिट’ ही शौचाची चाचणी पकडते. शौचाचा लहानसा नमुना घरीच डबीत घेऊन प्रयोगशाळेत द्यायचा, दरवर्षी. ही चाचणी फक्त मानवी हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे आधी नुस्ते (मासे) किंवा मटण बंद करावे लागत नाही. जुन्या ग्वायक चाचणीला पथ्य असे. दोष आढळला तर पुन्हा ‘फिट’ करून मनाची समजूत घालू नये, कोलोनोस्कोपीच, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून आतड्याची तपासणी, करावी. तिची सोय बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत आहे. आदल्या संध्याकाळी आतडे साफ करणारी पावडर पाण्यातून प्यायची आणि रात्र शौचालयाच्या आसपास काढायची. लोक घाबरतात ते दुर्बिणीला, वैताग असतो तो या रात्रीचा. निर्दोष निघाल्यास सामान्यतः पुढची तपासणी 10 वर्षांनी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले; गोव्याचे चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, त्यात बसते. मद्याचाही धोका सिद्ध आहे, पण गोव्यात त्याकडे बोट दाखवणारे भाषण रुचत नाही. शाकाहार म्हणजे कवच नव्हे, हेही सांगावे लागते.

अमेरिकेत तपासणीचे वय 2021 मध्ये 50 वरून 45 वर आणले गेले. जवळच्या नातलगाला हा रोग झाला असल्यास 40 व्या वर्षी, किंवा त्या नातलगाला ज्या वयात झाला त्याच्या 10 वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरुवात करतात. भजनी मंडळ, महिला गट, गणेशोत्सवाचा मंडप अशा ठिकाणी हाच मुद्दा आधी मांडावा, कारण आजार शेजाऱ्यांपासून लपवणारी घरे तो सख्ख्या भावंडांनाही सांगत नाहीत.