ठामपणे सांगणं आणि फुगवून सांगणं

लालबागला आमच्या चाळीत निकालाचे दिवस आले की माझ्या मोबाइलवर रेझ्युमे येऊन पडायला लागतात. फोर्टमधल्या एका ऑफिसात मी अकाउंट्स बघते, ज्युनिअर भरायचे असले की मुलाखतीलाही बसते. त्यामुळे मुलं म्हणतात, "मावशी, एकदा बघ ना."

मी बघते. काही मुलं एवढं मोठं लिहितात की वाचताना मलाच धाप लागते. काही मुलं केलेलं कामसुद्धा लपवतात. पहिल्यांना विचारलं तर म्हणतात, "थोडं फुगवावंच लागतं, सगळेच करतात." दुसऱ्यांचं उत्तर असतं, "आपल्याच तोंडाने आपलं काय सांगायचं?" दोघांचा घोटाळा एकच आहे. ठामपणे सांगणं म्हणजेच फुगवून सांगणं, असं दोघांनीही धरून ठेवलेलं असतं. मग एकजण ते बिनधास्त करतो, दुसरी लाजून मागे सरते.

वरवर पाहिलं तर दोन्ही सारखी दिसतात, हे खरंच आहे. "थोडंफार", "जमेल तसं" हे शब्द दोन्हींत नसतात. पण फुगवलेल्या वाक्यामागे काम नसतं, नुसती बोलाची कढी असते. ठाम वाक्यामागे काम असतं, आणि ते न चाचरता सांगितलेलं असतं.

एक्सेलचं घ्या. "अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल" असं लिहून पुढे पाच चांदण्या, त्यातल्या चार भरलेल्या. किंवा एक पट्टी, ८० टक्के रंगवलेली. ८० टक्के कशाचे? अख्ख्या एक्सेलचे? मी मुलाखतीत एकच गोष्ट विचारते: व्हीलुकअप, म्हणजे एका कॉलममध्ये नोंद शोधून तिच्या ओळीतली दुसरी माहिती आणणारं सूत्र लावायचंय, पण हवी असलेली माहिती शोधायच्या कॉलमच्या डावीकडे आहे, काय करशील? व्हीलुकअप उजवीकडचंच उचलतं, हे काम करणाऱ्याला कधी ना कधी नडलेलं असतं. कोणी म्हणतं इंडेक्स-मॅच लावते, कोणी म्हणतं एक्सलुकअप; ही दोन्ही सूत्रं डावीकडचंही आणतात. एक मुलगा म्हणाला, "मी तो कॉलम कापून पुढे आणतो." मला ते उत्तरही आवडलं, कारण अडचण त्याला भेटलेली होती. नुसता व्हिडिओ बघितलेला गप्प बसतो आणि चार चांदण्या तिथेच विझतात.

कॉलम कापणाऱ्या त्या मुलाचं वाक्य आम्ही असं केलं: "सात महिने रोजच्या विक्रीच्या सुमारे ३०० नोंदींचा रिपोर्ट पिव्होट टेबल (नोंदींची गटवार बेरीज करणारा तक्ता) लावून संध्याकाळी सहापर्यंत देत होतो." यात "तज्ज्ञ" नाही, "उत्कृष्ट" नाही. तरी आधीच्या वाक्यापेक्षा हे जास्त खणखणीत वाजतं. आणि "सुमारे" हा शब्द त्याला कमजोर करत नाही. आकडा अंदाजाचा असेल तर अंदाजाचा म्हणून द्यावा. "कार्यक्षमता ४० टक्के वाढवली" असं लिहिणाऱ्याला मात्र मी विचारते, मोजली कोणी?

रेझ्युमे इंग्रजीत जाणार असला तरी मुलांना मी आधी मराठीत बोलायला लावते, कारण इथे आपली भाषा फार बारीक आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली घ्या. टॅली मला माहीत आहे. मला टॅली येतं. मला टॅली जमतं. मी टॅलीत काम केलंय. ही चार वाक्यं म्हणजे चार पायऱ्या आहेत. माहीत आहे म्हणजे बघितलंय. येतं म्हणजे क्लासमध्ये शिकले. जमतं म्हणजे शेजारी कोणी नसलं तरी निभावते. केलंय म्हणजे कोणाच्या तरी खऱ्या कामासाठी, मुदतीत, चुकलं तर बोलणी खायची तयारी ठेवून केलंय. पहिल्या तिन्हींत "मला" आहे, चौथ्यात "मी" येतो. इंग्रजीत या सगळ्यांवर "नॉलेज ऑफ टॅली" अशी एकच चादर पडते. तिच्याखाली पहिल्या पायरीवरचा चौथीवर असल्यासारखा दिसतो आणि चौथीवरची पहिलीवर. आपण कुठल्या पायरीवर आहोत ते आधी मराठीत ठरवा, मग इंग्रजीकडे वळा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दुसऱ्यांबरोबर केलेल्या कामाचा. सीएच्या ऑफिसात वर्षभर बसलेला एक मुलगा लिहितो, "जीएसटी फायलिंग सांभाळलं." त्याच टेबलावरची मुलगी लिहिते, "जीएसटीच्या कामात मदत." काम दोघांचं तेच. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी येतं, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, आणि २० तारखेला थ्रीबी, म्हणजे महिन्याचं रिटर्न भरायचं असतं. मधल्या दिवसांत खरेदीची बिलं २बीशी जुळवायची, जे बिल पुरवठादाराने दाखवलंच नाही त्याच्यासाठी फोनवर फोन करायचे. बिल दिसलं नाही तर क्लायंटचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट अडकते, म्हणजे खिशातले पैसे जातात. ही जुळवणी दोघं करत होते. रिटर्न भरायचे सीनिअर.

मुलाचं वाक्य फुगलेलं आहे, कारण सीनिअरचं काम त्याने आपल्या नावावर घेतलं. मुलीचं वाक्यही खरं नाही, हे मात्र कोणी म्हणत नाही. तिला लोक नम्र म्हणतात. वाचणाऱ्याला "मदत" या शब्दातून काय कळतं? ती बिलांना पंचने भोकं पाडत होती की चहा सांगत होती? जे केलं ते न सांगितल्याने वाचणाऱ्याची फसगत होतेच, फक्त नुकसान तिचं होतं. दोघांसाठीही वाक्य एकच: "१२ क्लायंटच्या खरेदीची बिलं दर महिन्याला २बीशी जुळवली, न जुळलेल्या बिलांचा पुरवठादारांकडे पाठपुरावा केला." रिटर्न कोण भरत होतं, हे कागदावर लिहायची गरज नाही. विचारलं तर मात्र पटकन सांगायचं, "ते सीनिअर भरायचे." हे ऐकल्यावर माझा आधीच्या सगळ्या वाक्यांवरचा विश्वास वाढतो.

टायपिंगबद्दल भांडण नसतं. सरकारी प्रमाणपत्रावर मिनिटाला ३० शब्द की ४० ते छापलेलंच असतं, तेवढंच लिहावं.

तारखांचं मात्र जीव तोडून सांगते. चार महिन्यांच्या नोकरीचं वर्ष करू नका. पीएफ कापला गेला असेल तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफच्या सरकारी कार्यालयाच्या नोंदीत रुजू झाल्याची नि सोडल्याची तारीख असते, आणि कंपन्या ती मागतात. आमच्याकडे एका मुलाची निवड झाली होती, काम उत्तम यायचं त्याला. पडताळणीत आठ महिने जास्तीचे निघाले आणि नेमणुकीचं पत्र थांबलं. खरे चार महिने लिहिले असते तरी आम्ही त्याला घेतलंच असतं. ते मला अजून टोचतं.

आता आमच्याच चाळीतली एक मुलगी. बी.कॉम. झालेली. रेझ्युमेच्या तळाशी छंदांमध्ये लिहिलं होतं, "गणेशोत्सवात सहभाग." मला हसू नाही आलं, वाईट वाटलं. कारण मी तिला तीन वर्षं बघत होते. पावतीपुस्तकं कोणाला किती दिली याची वही तिची. रोज रात्री आरतीनंतर वर्गणी मोजून पावत्यांशी जुळवणारी ती. मंडपाच्या परवानगीसाठी पालिकेचा अर्ज, पोलीस ठाणं, वाहतूक पोलीस यांचे कागद जमवणारी ती. वर्ष संपलं की ऑडिटरला हिशेब देणारीही तीच. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ साली मुंबईतला सार्वजनिक गणपती सुरू झाला, तेव्हापासून प्रत्येक मंडळात कोणीतरी अशी वही धरून बसलेलं असणार, आणि त्यातल्या किती जणांनी ते काम म्हणून कुठे लिहिलं असेल?

मी विचारलं, हे का नाही लिहिलंस? म्हणाली, "ते तर आम्ही सगळ्यांनी केलं."

"सगळ्यांनी वर्गणी गोळा केली. जुळवली कोणी?"

"मी."

"पावती फाटली, रक्कम जमेना, तेव्हा रात्री एक वाजेपर्यंत कोण बसलं होतं?"

"मीच."

मग आम्ही वही उघडली. पावतीपुस्तकं मोजली, तिन्ही वर्षांची. जमा-खर्चाचे आकडे बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहिले. छंदांतली ओळ खोडून ती अनुभवात वर नेली: तीन वर्षं रोजची रोकड जुळवणी, ४२ पावतीपुस्तकांचा हिशेब, ऑडिटसाठी कागदपत्रं, परवानग्यांचा पाठपुरावा. एकही विशेषण नाही.

छापायला निघताना तिने विचारलं, "मावशी, शेवटी 'सर्वांच्या सहकार्याने' असं घालू का?"

म्हटलं, ते मंडळाच्या अहवालात घाल. इथे ४२चा आकडा नीट दिसतोय ना, तेवढं बघ.